जे.आर.डी. टाटा

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा (जन्म : पॅरिस, २९ जुलै १९०४; मृत्यू : जिनिव्हा, २९ नोव्हेंबर १९९३) हे भारतीय उद्योगपती, वैमानिक आणि भारतातील नागरी हवाई वाहतुकीचे प्रवर्तक होते. १९३८ ते १९९१ या काळात ते टाटा सन्स या कंपनीचे अध्यक्ष होते. भारतात दिलेल्या वैमानिक परवान्यांपैकी पहिल्या क्रमांकाचा परवाना त्यांच्या नावावर आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून मुंबईपर्यंत टपालाचे विमान स्वतः चालवत आणले आणि त्या उड्डाणातून पुढे एअर इंडिया ही कंपनी उभी राहिली. १९९२ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला.

त्यांची उद्योगपती म्हणून असलेली कारकीर्द मोठी आहे. परंतु प्रस्तुत लेखात भर आहे तो त्यांच्या हवाई कार्यावर. दोन दूरच्या विमानतळांमधील अंतर बदलत नाही, ते पार करण्यास लागणारा वेळ मात्र बदलतो. हा वेळ कमी करणे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जाहीर केलेली वेळ पाळणे, हे काम त्यांनी सुमारे पन्नास वर्षे केले. त्यांना सर्वांत मोठे यश याच कामात मिळाले आणि सर्वांत मोठा आघातही याच कामात सोसावा लागला.

बालपण आणि शिक्षण

रतनजी दादाभॉय टाटा आणि त्यांच्या फ्रेंच पत्नी सुझान ब्रिएर (विवाहानंतरचे नाव सूनी) यांच्या पाच अपत्यांपैकी जहांगीर हे दुसरे. वडील हे जमशेटजी टाटा यांचे नातलग व व्यवसायातील सहकारी होते. कुटुंबाचा मुक्काम कधी फ्रान्समध्ये, कधी मुंबईत, तर काही काळ जपानमधील योकोहामा येथे असे. त्यामुळे मुलांचे शिक्षण सतत खंडित होत राहिले. मुंबईत ते कॅथीड्रल शाळेत होते. फ्रेंच ही त्यांची पहिली भाषा होती आणि इंग्रजी त्यांनी पुढे प्रयत्नपूर्वक आत्मसात केली.

उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आर्देलो या गावी टाटा कुटुंब सुटीसाठी जात असे. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचे घरही तेथेच होते. ब्लेरियो यांनी २५ जुलै १९०९ रोजी कॅले ते डोव्हर हे अंतर सुमारे ३७ मिनिटांत पार केले, तेव्हा जहांगीर पाच वर्षांचे व्हायचे होते. आर्देलोच्या वाळूवर उतरणारी विमाने पाहतच ते वाढले. पंधराव्या वर्षी तेथेच एका विमानात बसून त्यांनी पहिली फेरी मारली आणि वैमानिक होण्याचे त्यांनी त्याच वेळी ठरवले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे.

१९२३ मध्ये आईचे निधन झाले. फ्रेंच नागरिक असल्यामुळे त्यांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागली व ती त्यांनी स्पाही या घोडदळात केली. केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी शिकण्याची त्यांची इच्छा होती, परंतु वडिलांनी त्यांना मुंबईस बोलावून घेतले. डिसेंबर १९२५ मध्ये ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. जॉन पीटरसन या ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या हाताखाली त्यांनी कामाचे धडे घेतले. वर्षभराच्या आतच, १९२६ मध्ये, वडिलांचेही निधन झाले आणि बावीस वर्षांच्या जहांगीर यांच्यावर धाकट्या भावंडांची जबाबदारी आली. १९२९ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला. १९३० मध्ये थेल्मा विकाजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्यास अपत्य नव्हते.

पहिला परवाना आणि आगाखान स्पर्धा

मुंबईत जुहू येथे फ्लाइंग क्लब सुरू होताच जे.आर.डी. तेथे दाखल झाले. शिक्षकासोबत केवळ पावणेचार तास उड्डाण केल्यानंतर त्यांना एकट्याने विमान नेण्याची मुभा मिळाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना देण्यात आला. त्यावर १ हा क्रमांक होता.

त्याच वर्षी आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड आणि भारत यांमधील प्रवास, कोणत्याही दिशेने, विमानातून एकट्याने व ठरावीक मुदतीत पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड मिळणार होते. कराची ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ६,३०० किलोमीटर भरते. पण त्या काळच्या लहान विमानांच्या टाकीत एका दमात काही शे किलोमीटर जाण्याइतकेच इंधन मावत असे. त्यामुळे इराणचा किनारा, इराक, इजिप्त, उत्तर आफ्रिका किंवा भूमध्य समुद्र, इटली आणि फ्रान्स असे टप्पे घेत, वळसे घालत जावे लागे. जिप्सी मॉथ या विमानाचा वेग ताशी सुमारे १३० ते १४० किलोमीटर होता. समोरून जोराचा वारा आला तर तोही निम्म्यावर येई.

स्पर्धेत तिघे उतरले. मनमोहन सिंग आणि अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर हे इंग्लंडहून भारताकडे निघाले, तर जे.आर.डी. ३ मे १९३० रोजी कराचीहून इंग्लंडकडे निघाले. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळील अबूकीर येथे जे.आर.डी. उतरले, तेव्हा अस्पी तेथे अडकून पडलेले होते. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि जवळ जादा प्लग नव्हते. जे.आर.डीं.नी आपल्याकडील प्लग त्यांना दिले. दोघे आपापल्या दिशेने निघाले. अस्पी कराचीला पोहोचले तेव्हा जे.आर.डी. लंडनजवळील क्रॉयडन विमानतळापासून काही तासांच्या अंतरावर होते. मनमोहन सिंग यांनी प्रवास पुरा केला, पण त्यांना मुदतीची अट पाळता आली नाही. बक्षीस अस्पी इंजिनियर यांना मिळाले. हेच अस्पी इंजिनियर पुढे भारतीय हवाई दलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात हवाई दलप्रमुख झाले. प्लग दिले नसते तर निकाल कदाचित उलटा लागला असता, एवढे मात्र खरे. जे.आर.डीं.नी या गोष्टीचा कधी खेद केला नाही.

कराची–मुंबई टपालसेवा

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने मार्च १९२९ मध्ये लंडन–कराची ही टपाल व प्रवासी सेवा सुरू केली. विमान, मध्ये काही अंतर आगगाडी, पुन्हा विमान असा हा प्रवास सुमारे एका आठवड्याचा होता. लंडनचे पत्र सात दिवसांत कराचीपर्यंत येई. परंतु तेथून पुढे मुंबई-मद्रासचा प्रवास त्याला आगगाडीनेच करावा लागत असे. विमानाने वाचवलेला वेळ असा रुळांवर खर्ची पडत असे.

ही त्रुटी नेव्हिल व्हिन्सेंट यांच्या लक्षात आली. मूळचे दक्षिण आफ्रिकेचे असलेले व्हिन्सेंट ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडल्यावर भारतात ठिकठिकाणी विमानफेऱ्या करीत हिंडत होते. कराचीपासून दक्षिणेपर्यंत टपालसेवा काढण्याची योजना त्यांनी टाटांपुढे मांडली. टाटा सन्सचे तत्कालीन अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांचा या धंद्यावर फारसा विश्वास नव्हता. पीटरसन यांनी गळ घातल्यावर त्यांनी संमती दिली. प्रारंभिक भांडवल होते सुमारे दोन लाख रुपये. सरकारकडे गेलेला प्रस्ताव तीन वर्षे रेंगाळला. सरकार अनुदान देण्यास तयार नव्हते. अखेर अनुदानाचा आग्रह सोडून, वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावरच मोबदला घेण्याचे टाटांनी मान्य केले आणि १९३२ च्या एप्रिलमध्ये दहा वर्षांचा करार झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जे.आर.डीं.नी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ हे एका इंजिनाचे विमान उडवले. विमानात सुमारे २५ किलो टपाल होते. अहमदाबाद येथे उतरून त्यांनी इंधन घेतले. इंधनाचे डबे बैलगाडीतून विमानापर्यंत आणले गेले होते. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरले. तेथे मद्रासचे टपाल दुसऱ्या विमानात चढवून व्हिन्सेंट पुढे निघाले आणि बेळ्ळारी येथे रात्रीचा मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले.

या उड्डाणाचे गणित पाहण्याजोगे आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन विमानतळांमधील सर्वांत कमी अंतर हे गोलाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या कमानीवर मोजले जाते. असे मोजल्यास कराची ते जुहू हे अंतर सुमारे ८७० किलोमीटर येते. परंतु अहमदाबादचा थांबा घेतल्यामुळे ते सुमारे १,०३० किलोमीटर झाले: कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० आणि अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४०. एकूण वेळ ७ तास १५ मिनिटे लागला, त्यात जमिनीवरचा वेळही आला. म्हणजे थांब्यासह सरासरी वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास. मद्रासपर्यंतचा संपूर्ण मार्ग २,१०० किलोमीटरहून किंचित कमी होता. विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, नकाशा आणि खाली दिसणारा किनारा, नदी किंवा लोहमार्ग यांवरच वैमानिकाची सारी भिस्त असे.

पावसाळा, पुणे आणि दक्षिणेचा मार्ग

जुहूचे धावक्षेत्र म्हणजे समुद्रालगतचे सपाट मैदान होते आणि पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. तेव्हा दोन विमाने, तीन वैमानिक आणि तीन यंत्रज्ञ असा कंपनीचा सारा संसार पुण्यास हलवला जात असे. येरवडा तुरुंगाच्या सावलीतील एका मैदानावर विमाने उतरत. टाटांच्या हवाई टपालसेवेचे पावसाळी ठाणे अशा रीतीने पुणे जिल्ह्यात होते, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

मुंबई–मद्रास टपालाचा जुना मार्गही याच जिल्ह्यातून जात होता. आगगाडी बोरघाट चढून पुण्यास येई आणि पुढे दौंड, सोलापूर, वाडी, रायचूर असे करीत मद्रासला जाई. मनमाडचा फाटा जेथून फुटतो ते दौंड तेव्हाही मोठे जंक्शन होते. उत्तरेकडील शिरूर (घोडनदी) या तालुक्याच्या ठिकाणी मात्र लोहमार्ग नव्हता, आजही नाही. तेथे जाणारे टपाल पुणे–अहमदनगर रस्त्यानेच जाई. कालांतराने टाटांच्या दक्षिण मार्गावर बेळ्ळारीऐवजी हैदराबाद हा थांबा आला. मुंबई ते हैदराबाद हे सरळ हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर आहे आणि नकाशावर ही रेषा ओढली, तर ती शिरूर आणि दौंड या दोन गावांच्या मधून जाते. शिरूर तिच्या उत्तरेस व दौंड दक्षिणेस राहते. दौंडच्या फलाटावर टपालाच्या थैल्या चढत-उतरत असताना त्याच टपालाचा वेगवान भाग थोड्या अंतरावरून आकाशमार्गे पुढे जाऊ लागला. शिरूरच्या पत्राला मात्र त्याचा लाभ मुंबई किंवा पुण्यास पोहोचेपर्यंत मिळत नसे. विमानाने कमी होतो तो दोन विमानतळांमधला वेळ. घरापासून विमानतळापर्यंतचा वेळ वेगळाच हिशेब मागतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील प्रवाशांना हा हिशेब आजही मांडावा लागतो.

पहिल्या पूर्ण वर्षात, म्हणजे १९३३ मध्ये, कंपनीच्या विमानांनी सुमारे १,६०,००० मैल उड्डाण केले, १५५ प्रवासी नेले आणि सुमारे ६०,००० रुपये नफा मिळवला. प्रवासी टपालाच्या थैल्यांवर बसूनच जात. नफ्याचा आकडा लहान होता. पण त्याहून मोलाची ठरली ती नियमितता. भर पावसाळ्यात, पश्चिम घाट ओलांडूनही वेळापत्रक पाळले गेले, याची दखल सरकारच्या हवाई खात्याने घेतली आणि इंपीरियल एअरवेजच्या कर्मचाऱ्यांनी हे काम पाहून यावे असे सुचवले.

टाटा सन्सचे अध्यक्षपद

सर नवरोजी सकलातवाला यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये जे.आर.डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. त्यावेळी ते ३४ वर्षांचे होते. पुढील ५३ वर्षांत या उद्योगसमूहाचा मोठा विस्तार झाला. १९४५ मध्ये टेल्को (आजची टाटा मोटर्स) स्थापन झाली. सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली तिचा पुण्याजवळील पिंपरी-चिंचवड परिसरातील कारखाना १९६० च्या दशकात उभा राहिला आणि तेथील औद्योगिक वसाहतीला त्यामुळे गती मिळाली. १९४४ साली उद्योगपतींनी मांडलेल्या मुंबई योजनेवर त्यांची सही होती. टाटा मेमोरियल रुग्णालय, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि राष्ट्रीय प्रयोगकला केंद्र यांच्या स्थापनेमागे त्यांचा पाठिंबा होता. संशोधन संस्थेची कल्पना होमी भाभा यांची होती. कुटुंबनियोजनाचा त्यांनी दीर्घकाळ पुरस्कार केला आणि त्यासाठी १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार त्यांना मिळाला. आणीबाणीच्या काळात त्यांनी शासनाला अनुकूल असे मत व्यक्त केले होते, त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली.

व्हिन्सेंट यांचा १९४२ मध्ये, युद्धकाळात, विमानप्रवासातच अंत झाला. ज्याच्या योजनेवर हा सारा डोलारा उभा राहिला त्या माणसाचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही.

एअर इंडिया आणि मुंबई–लंडन

२९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सचे रूपांतर एअर इंडिया या सार्वजनिक मर्यादित कंपनीत झाले. कंपनीचे सुप्रसिद्ध बोधचिन्ह, मिशीवाला महाराजा, याच वर्षी तयार झाले. कल्पना बॉबी कूका यांची व रेखाटन उमेश राव यांचे. स्वातंत्र्यानंतर जे.आर.डीं.नी परदेशी मार्गांसाठी सरकारच्या भागीदारीत वेगळी कंपनी काढण्याचा प्रस्ताव दिला आणि तो अल्पावधीत मान्य झाला. ८ मार्च १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनल अस्तित्वात आली. तिच्यात सरकारचा वाटा ४९ टक्के होता.

८ जून १९४८ रोजी रात्री लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले. कप्तान होते के.आर. गझदर आणि प्रवाशांमध्ये स्वतः जे.आर.डी. होते. कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत विमान १० जून रोजी लंडनला पोहोचले. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. या थांब्यांमुळे ते जवळपास ८,००० किलोमीटर झाले. १९३० मध्ये जिप्सी मॉथमधून एकट्याने केलेल्या प्रवासाला जे.आर.डीं.ना आठवड्याहून अधिक काळ लागला होता. आता त्याहून लांबचा पल्ला त्यांनी दोन रात्रींत गाठला. विमान वेळेवर उतरल्याचे पाहून त्यांनी आपले घड्याळ लावून घेतल्याची आठवण सांगितली जाते.

त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांत, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, हेच विमान जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असताना मोंट ब्लांक पर्वतावर आदळले आणि त्यातील सर्व ४८ जण मृत्यू पावले. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर एअर इंडियाचे 'कांचनजंगा' हे बोइंग विमान कोसळले; मृत्यू पावलेल्या ११७ जणांत होमी भाभा होते. मुंबई–लंडन मार्गावरील हा टप्पा कंपनीला दोनदा असा महागात पडला.

देशांतर्गत क्षेत्रात याच सुमारास एक वाद झाला. जानेवारी १९४९ मध्ये सरकारने रात्रीची हवाई टपालसेवा सुरू केली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावर असलेल्या नागपूरचा असा उपयोग करून घेण्याची कल्पना चातुर्याची होती. मात्र रात्रीच्या उड्डाणासाठी लागणारी दिवे व रेडिओची सोय पुरेशी नाही, असे म्हणून जे.आर.डीं.नी तिला विरोध केला. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवई यांच्याशी त्यांचा जाहीर खटका उडाला. सेवा लोकप्रिय झाली व टिकली. जे.आर.डीं.चा सुरक्षेचा मुद्दा रास्त असला, तरी योजनेच्या उपयुक्ततेचा त्यांचा अंदाज चुकला असे म्हणावे लागते.

राष्ट्रीयीकरण

युद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेली डकोटा विमाने स्वस्तात मिळू लागली आणि सरकारने एकामागून एक हवाई कंपन्यांना परवाने दिले. प्रवासी थोडे आणि कंपन्या फार, अशी स्थिती झाली. न्यायमूर्ती ग.स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० मध्ये परवाने गरजेपेक्षा अधिक दिल्याचे दाखवून दिले. तातडीने राष्ट्रीयीकरण करावे असे मात्र समितीने म्हटले नव्हते. तरीही १९५३ मध्ये संसदेने कायदा केला आणि १ ऑगस्ट १९५३ पासून सर्व कंपन्या दोन महामंडळांत विलीन झाल्या: देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी सेवेसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल.

आपल्याशी कोणतीही खरी चर्चा न करता हा निर्णय लादला गेला, याचे जे.आर.डीं.ना फार दुःख झाले आणि त्यांनी ते सरकारला स्पष्टपणे कळवले. असे असूनही पंतप्रधान नेहरू यांच्या विनंतीवरून त्यांनी एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद स्वीकारले. पुढील पंचवीस वर्षे त्यांनी ते विनावेतन सांभाळले. आपल्या हातून घेतलेली कंपनी दुसऱ्याची नोकरी म्हणून चालवण्याचा हा प्रकार भारतीय उद्योगजगतात तरी विरळाच.

या काळात ते विमानाने प्रवास करीत तेव्हा वही-पेन्सिल जवळ असे. चहाचा रंग कॉफीसारखाच आहे, खुर्ची पुरेशी मागे झुकत नाही, पडदा नीट बसत नाही, अशा बारीकसारीक नोंदी करून ते संबंधितांना पाठवीत. मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रमुखाने इतक्या किरकोळ गोष्टींत लक्ष घालावे का, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. कंपनीच्या आगमन-प्रस्थानाच्या वेळा आणि तिची सेवा यांचा जगभर लौकिक होता, हे त्याचे उत्तर मानता येईल.

१९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात न्यू यॉर्कची सेवा सुरू झाली. जेटचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरात, म्हणजे पस मॉथच्या पाचपटींहून अधिक होता. १९६२ मध्ये एअर इंडिया ही ताफ्यात केवळ जेट विमाने असलेली जगातील पहिली कंपनी ठरली. १९७१ मध्ये 'एम्परर अशोक' हे पहिले जंबो जेट दाखल झाले.

पदावरून दूर होणे

१ जानेवारी १९७८ रोजी रात्री हेच 'एम्परर अशोक' मुंबईहून दुबईकडे निघाल्यानंतर काही मिनिटांतच वांद्र्याच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात कोसळले आणि २१३ जण मृत्युमुखी पडले. महिन्याभराने, १ फेब्रुवारी १९७८ रोजी, मोरारजी देसाई यांच्या सरकारने जे.आर.डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले. त्यांच्या जागी हवाई दलाचे निवृत्त प्रमुख प्रतापचंद्र लाल यांची नेमणूक झाली. हा निर्णय जे.आर.डीं.ना सरकारकडून थेट कळला नाही. तो आधी लाल यांच्याकडूनच त्यांना समजला. ज्या कंपनीचे पहिले विमान त्यांनी स्वतः चालवले होते, तिच्याशी असलेला ४५ वर्षांचा संबंध अशा रीतीने तुटला. कंपनीतील काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. त्यावेळी सत्तेबाहेर असलेल्या इंदिरा गांधी यांनी त्यांना सहानुभूतीचे पत्र पाठवले. पुन्हा सत्तेवर आल्यावर, १९८० मध्ये, त्यांनी जे.आर.डीं.ना दोन्ही महामंडळांच्या संचालक मंडळांवर घेतले. अध्यक्षपद मात्र पुन्हा मिळाले नाही.

१९८२ चे उड्डाण

पहिल्या टपाल उड्डाणाला तीस वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, जे.आर.डीं.नी कराची–मुंबई प्रवास पुन्हा केला होता. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तो आणखी एकदा केला. मधल्या काळात कराची परदेशात गेली होती आणि दोन देशांत युद्धे झाली होती. विमान होते जुन्या बनावटीचे लेपर्ड मॉथ. अहमदाबादचा थांबा कायम होता आणि जुहूच्या धावपट्टीवरच ते उतरले. जेट विमानाला हे अंतर दीड तासाहून कमी वेळात कापता येते. त्यांनी मात्र १९३२ च्याच चालीने ते पार केले. तरुण पिढीत या कामाविषयीचा जुना उत्साह पुन्हा जागा व्हावा, हा या उड्डाणामागील हेतू असल्याचे त्यांनी सांगितले होते.

अखेरची वर्षे, सन्मान आणि स्मारके

मार्च १९९१ मध्ये त्यांनी टाटा सन्सचे अध्यक्षपद रतन टाटा यांच्याकडे सोपवले. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसमधील पेर लाशेज दफनभूमीत, आई-वडिलांच्या सान्निध्यात, त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांच्या स्मरणार्थ भारतीय संसदेचे कामकाज तहकूब करण्यात आले. खासदार नसलेल्या व्यक्तीसाठी असे क्वचितच होते.

त्यांना पद्मविभूषण (१९५५), फ्रान्सचा लीजन ऑफ ऑनर (१९८३), हवाई क्षेत्रातील गुगनहाइम पदक (१९८८) आणि भारतरत्न (१९९२) हे सन्मान मिळाले. भारतीय हवाई दलाने त्यांना मानद पदे दिली. त्यांतील अखेरचे एअर व्हाइस मार्शल हे होते. पिंपरी-चिंचवड येथील नाशिक फाटा चौकातील दुमजली उड्डाणपुलाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी भारत सरकारने एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाच्या ताब्यात दिली.